गाडी खाली केली, आता चाकं कुठली? (१६ की १७, आणि ऑफसेटचा घोळ)

बुटका_घोडा

मंडळी, बरेच दिवस मनात होतं ते दोन आठवड्यांपूर्वी शेवटी केलं. गाडी खाली केली. पुढे ४० मिमी, मागे ३५ मिमी आखूड स्प्रिंगा, शॉकअप मूळचेच. मडगार्ड आणि टायर यांच्यामधली ती मूठभर फट गेली, पण आता १५ इंची रिम त्या कमानीत अशी दिसते की थोरल्याचा सदरा धाकट्याला घातलाय.

सध्या काय आहे: १८५/६५ आर१५ ८८एच (८८ हा वजन पेलण्याचा लोड इंडेक्स, एच हे वेगमर्यादेचं अक्षर), रिम ६जे (म्हणजे ६ इंच रुंद), ईटी म्हणजे ऑफसेट ४५, पीसीडी ४ बाय १०० (चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर).

डोक्यात तीन पर्याय आहेत.
२०५/४५ आर१७, ७जे, ईटी ४०.
२१५/४० आर१७, ७.५जे, ईटी ३५. हा सेट मित्राकडे पडून आहे आणि तो "घेऊन जा रे बाबा" म्हणतोय.
१९५/५५ आर१६, ६.५जे, ईटी ४०.

मन १७ वर आहे हे लपवत नाही. पण मोठी रिम लावली की गाडी परत उंच होईल का? मग खाली केली कशाला? आणि मागे दोन-तीन जण बसले की घासेल का?

गाडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. दिलं की धागा "ही गाडी घेतलीच का" या वळणावर जातो.

मागची_सीट

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही हेच खूळ शिरायच्या बेतात आहे.

उंचच_बरी

कंपनीतले लोक गणित करून गाडी उंच ठेवतात, तुम्ही हौसेने खाली करता, आणि मग खाली केल्यामुळे काय होईल ते इथे विचारता. स्प्रिंगा परत बदला. प्रश्न मिटला. धागा बंद करायला हरकत नाही.

बुटका_घोडा

@उंचच_बरी काका, तुम्ही येणार हे माहीत होतं. पाणी ठेवलंय, बसा.

नटबोल्ट

आधी गणित करू, मग भांडू.

२०५/४५ आर१७ मधला २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिमीमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, पण ती मिमीत नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत तीन वेगवेगळी मापं, त्यामुळे लोक गोंधळतात यात त्यांचा दोष नाही.

एकूण व्यास = रिम + दोन साइडवॉल.

आत्ताचा १८५/६५ आर१५: ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिमी
१९५/५५ आर१६: ४०६.४ + २१४.५ = ६२०.९
२०५/४५ आर१७: ४३१.८ + १८४.५ = ६१६.३
२१५/४० आर१७: ४३१.८ + १७२ = ६०३.८

म्हणजे रिम मोठी झाली तरी टायर पातळ होतो, एकूण चाक जवळपास तेवढंच राहतं. गाडी उंच होत नाही. उलट मित्राचा सेट लावलास तर व्यास १८ मिमीने कमी होतो, त्याच्या निम्मी म्हणजे ९ मिमी गाडी अजून खाली जाईल. आणि कमानीतली फट तेवढीच परत वाढेल. जी घालवायला एवढा खटाटोप केलास तीच.

खड्डेश्वर

माझ्या नावावरून कळलंच असेल. मीही गाडी अशीच खाली केली होती आणि २१५/४० आर१७ लावले होते. दिसायला काय दिसायची! पार्किंगमध्ये लावून दहा पावलं गेलो की मागे वळून बघायचो.

तिसऱ्या महिन्यात रात्री पावसात एक खड्डा पाण्याने भरलेला होता. रस्ता सपाट वाटला. आवाज असा आला की कुणी हातोडा घातला. थांबून बघितलं तर बाहेरून काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की रबर एकटंच हवेला धरून असतं, त्याचा तो फुगा. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. चाक काढल्यावर दिसलं की रिमची आतली कडाही वाकली आहे. बाहेरची चकाचक, आतली चेपलेली. बाहेरून गाडी बघणाऱ्याला कधी कळलं नसतं.

चाकं बदलण्याआधी तोच खड्डा मी वर्षभर १५ इंचावर रोज ओलांडत होतो.

तिरपी_रेघ

+१, पण खड्ड्याचा दोष टायरवर कशाला? हवा किती होती?

खड्डेश्वर

३०. जुन्या टायरला जेवढी भरायचो तेवढीच. इथेच चुकलो, ते नंतर कळलं.

चौथा_गिअर

व्यासावर सगळे बोलतात, खरी मेख ऑफसेटमध्ये आहे. ईटी हा जर्मन आइनप्रेसटीफे या शब्दाचा संक्षेप. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला (चाक ज्यावर नटांनी आवळतात तो भाग) टेकणारा पृष्ठभाग यांमधलं अंतर. ते जितकं जास्त तितकं चाक आत.

६जे म्हणजे १५२.४ मिमी, निम्मे ७६.२. ईटी ४५ वजा केला की बाहेरची कडा हबच्या पृष्ठभागापासून ३१.२ मिमी बाहेर.
७जे ईटी ४०: ८८.९ वजा ४० = ४८.९. म्हणजे १७.७ मिमी बाहेर सरकली.
७.५जे ईटी ३५: ६०.२५. म्हणजे तब्बल २९ मिमी बाहेर.

खाली केलेल्या गाडीत २९ मिमी बाहेर म्हणजे मडगार्डची कड टायर तासणार.

मधला_पाना

उलटं आहे ना? ईटी जास्त म्हणजे चाक बाहेर. आमच्याकडचा रिमवाला तर तसंच सांगत होता.

चौथा_गिअर

@मधला_पाना नाही. ईटी जास्त = आत. ईटी शून्य असेल तर हबचा पृष्ठभाग बरोब्बर मध्ये. उणे ईटीच्या खोल बशीसारख्या रिमा जिपांना लावतात त्या आठवा, चाकं अर्धी बाहेर असतात.

मधला_पाना

अरेच्चा. म्हणजे मी चार वर्षं लोकांना उलटं सांगतोय.

मागची_सीट

आणि ते लोक पुढे आणखी लोकांना. आता कळलं इतक्या गाड्या का घासतात.

नटबोल्ट

@चौथा_गिअर आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. मडगार्डला रिम लागत नाही, टायर लागतो.

सध्याचा १८५ चा टायर ६जे रिमवर प्रत्यक्षात साधारण १९४ मिमी फुगलेला आहे. टायरवर लिहिलेली रुंदी ही नावापुरती. खरी रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजतात, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर सुमारे ५ मिमीने पसरतो. २०५/४५ हा ७जे वर साधारण २०६ भरतो. निम्मी वाढ ६ मिमी, ईटी ५ ने कमी झाला म्हणून आणखी ५. टायर ११ मिमी बाहेर आला, १८ नव्हे. आतल्या बाजूला फक्त १ मिमी.

गंमत म्हणजे १९५/५५ आर१६ हा ६.५जे ईटी ४० वरही जवळपास तेवढाच, ११ मिमी बाहेर. घासण्याच्या बाबतीत १६ आणि १७ मध्ये फरक नाही.

मित्राचा सेट मात्र २१५/४० वर २१८ भरतो. १२ आणि १०, एकूण २२ मिमी बाहेर.

मग रिम १८ बाहेर आणि टायर ११ हे कसं? सध्याचा टायर रिमच्या दोन्ही बाजूंना पोटासारखा सुटलेला आहे. १७ वर तो सरळ उभा राहतो. म्हणजे फुटपाथाला आधी काय लागणार ते तुझं तू ओळख.

चौथा_गिअर

मान्य. रिमचं गणित सोपं म्हणून सगळे तेच करतात, मीही.

तिरपी_रेघ

तुम्ही सगळे फारच सांभाळून चालता. ८जे घ्या, त्यावर १९५ ताणून बसवा. ताणलेल्या टायरचा खांदा आत झुकतो, मडगार्डची कड त्याच्यावरून निसटते. वर थोडा उणे कॅम्बर द्या, म्हणजे चाकाचं डोकं आत झुकवा. माझी गाडी अशीच आहे, बोट शिरत नाही फटीत.

सुईकाटा

@तिरपी_रेघ बोट शिरत नाही हे खरं, पण टायरच्या आतल्या कडेवरून तार बाहेर येते तेव्हा ती बोटाला लागते. अलाइनमेंटच्या पिटमध्ये उभा राहून ही तार मी रोज बघतो. बाहेरून निम्मी नक्षी शिल्लक, आतून कापड दिसतंय. मालकाला वाकून दाखवावं लागतं.

प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमची एक मर्यादा ठरलेली असते. २०५/४५ आर१७ ला ६.५ ते ७.५जे. १९५/५५ आर१६ ला ५.५ ते ७जे. त्याबाहेर गेलात की टायरची कड रिमवर नीट बसलेली राहील याची हमी उरत नाही, विशेषतः हवा कमी असताना जोरात वळलात तर.

आणि धागाकर्त्याला एक प्रश्न. स्प्रिंगा बदलून दोन आठवडे झाले म्हणता. अलाइनमेंट केलं का?

बुटका_घोडा

@सुईकाटा अजून नाही. म्हटलं, एवीतेवी चाकं बदलायचीच आहेत, तेव्हाच करू.

सुईकाटा

तोपर्यंत टायर संपतील. गाडी खाली बसली की कॅम्बर बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण टायर खरा खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते. दोन्ही चाकं थोडीशी बाहेर बघायला लागली की टायर सरळ न फिरता रस्त्यावर किसणीसारखा घासत जातो. कॅम्बर एखाद-दीड अंश उणे असला तरी टो नीट असेल तर टायर बरेच दिवस जातो.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) ज्या बोल्टनी आवळलेत, ते गाडी चाकांवर उभी असताना सैल करून परत आवळून घ्या. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना आवळले असतील तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. हेडलाइटचा झोतही बघून घ्या, पुढे-मागे सारखी खाली गेली नसेल तर तो हललेला असतो.

उंचच_बरी

बघा. स्प्रिंगा बदलल्या, आता अलाइनमेंट, मग बुश, मग दिवे. हौस एकटी येत नाही, वऱ्हाड घेऊन येते.

वळणदार

मी घड्याळ लावून होणाऱ्या स्पर्धांमध्ये, कोन ठेवून केलेल्या वळणांच्या मार्गावर, गाडी चालवते. माझं मत कुणाला आवडणार नाही: १५ वरच राहा.

१९५/६० आर१५, ६.५जे वर. व्यास ६१५, मूळ मापापेक्षा एक टक्का कमी. लोड इंडेक्सही ८८ चा मिळतो. चाक हलकं राहतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. स्प्रिंगच्या वरचा किलो तुम्हाला फारसा जाणवत नाही, खालचा किलो प्रत्येक उंचवट्यावर जाणवतो. शिवाय चाक फिरवायचं आणि थांबवायचंही असतं. मोठ्या रिममध्ये धातू मध्यापासून लांब सरकतो, ती फिरवायला जड जाते.

गाडी खाली केली ती चांगली वळावी म्हणून, असं सगळे म्हणतात. मग चाक जड कशाला करायचं?

बुटका_घोडा

@वळणदार ताई, खरं सांगू? मी ती वळावी म्हणून नाही केली. दिसावी म्हणून केली.

वळणदार

हे आवडलं. इतकं प्रामाणिक कुणी लिहीत नाही. मग १६.

टोकाची_गोष्ट

अवांतर: टायरच्या मापात मिमी, टक्के आणि इंच असं कडबोळं कसं झालं? कुणी सुधारायचा प्रयत्न केला नाही का?

चौथा_गिअर

केला होता. मिशेलिनने १९७५ मध्ये टीआरएक्स नावाचे टायर आणले. त्यांच्या रिमा मिमीत होत्या: ३६५, ३९०, ४१५ वगैरे. रिमच्या कडेचा आकारही वेगळा, त्यामुळे साधा इंची टायर त्यावर बसतच नाही. तेव्हाच्या काही फोर्ड आणि बीएमडब्ल्यूंना ते कारखान्यातून येत. बाकी जग इंचावरच राहिलं. ज्यांच्याकडे त्या जुन्या गाड्या आहेत ते आज एकतर तो दुर्मीळ टायर शोधतात किंवा रिमच बदलतात.

टोकाची_गोष्ट

म्हणजे शहाणपणा केला तो एकटा पडला. चालू द्या.

मधला_पाना

तीन टक्क्यांच्या नियमाचं काय? नव्या चाकाचा व्यास जुन्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त वेगळा नको म्हणतात तो. मित्राचा सेट २.८ टक्क्यांनी लहान आहे, म्हणजे बसतो नियमात. (या वेळी उलटं नाही ना?)

नटबोल्ट

@मधला_पाना या वेळी सुलटं. पण तो नियम नव्हे, अंदाजाची चौकट आहे, आणि ती प्रामुख्याने स्पीडोमीटरसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी एवढ्या मर्यादेपर्यंत. म्हणून बहुतेक काटे मुळातच थोडं जास्त दाखवतात. चाक लहान केलं की ते अजून जास्त दाखवतात, मोठं केलं की हा राखीव फरक खाऊन टाकता. वेगाची चूक लहान चाकात तशी सुरक्षित बाजूला जाते. ओडोमीटर मात्र जास्त पळतो, गाडी विकताना रडाल.

सुईकाटा

लोड इंडेक्स कुणी बोललं नाही अजून. वळणदार ताईंनी ओझरता उल्लेख केला तेवढाच.

८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. २०५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो. ६० किलो कमी, चारही मिळून २४०. त्याच मापात एक्सएल (जास्त वजन पेलणारी बांधणी) घेतला तर ८८ मिळतो. पण साधा टायर आपलं पूर्ण वजन ३६ पीएसआयला उचलतो, एक्सएल ४२ ला. म्हणजे एक्सएल घेऊन जुन्या टायरएवढीच हवा भरली तर त्याची जास्तीची ताकद कागदावरच राहते. @खड्डेश्वर, तुमचे ३० इथे नडले.

१९५/५५ आर१६ चा ८७ म्हणजे ५४५ किलो, आणि तो साध्या बांधणीत. दाराच्या चौकटीतल्या पट्टीवर प्रत्येक आसाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. तिच्या निम्म्यापेक्षा टायरची क्षमता जास्त असली पाहिजे. कुठली मापं चालतात तेही बऱ्याच गाड्यांच्या त्याच पट्टीवर असतं. सर्वांत वरच्या मॉडेलला कंपनी १६ देत असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आणि आपल्याकडची नोंदणी, विमा काय म्हणतात तेही बघा.

नटबोल्ट

आता मूळ मुद्द्यावर. @बुटका_घोडा, गाडी ४० मिमी खाली केलीस म्हणजे चाकाला वर सरकायला जी जागा होती त्यातले ४० मिमी तू वापरून टाकलेस. स्प्रिंग थोडी कडक असते म्हणून सगळं नुकसान होत नाही, पण बम्पस्टॉप, म्हणजे चाक आणखी वर जाऊ न देणारा रबरी ठोकळा, जवळ आला हे नक्की. खड्ड्यात चाक वर जातं, बम्पस्टॉपला टेकतं. त्यानंतर दाबायला काय उरतं? टायरची साइडवॉल. बास.

आत्ता ती १२० मिमी आहे. १६ वर १०७. १७ वर ९२. मित्राच्या सेटवर ८६. त्यातून रिमच्या कडेचे साधारण १७ मिमी वजा कर, कारण तिथपर्यंत तर लोखंडच आहे. मित्राच्या टायरला उरले ६९, त्यात एक्सएलची कडक हवा.

उंच गाडीला १७ लावलं तर वर स्प्रिंगची उशी असते. मोठी साइडवॉल ठेवून गाडी खाली केली तर खाली रबराची उशी असते. दोन्ही उशा एकदम काढू नकोस एवढंच माझं म्हणणं.

खड्डेश्वर

हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

तिरपी_रेघ

मी तेव्हा तुला सांगत होतो ना, अजून खाली कर म्हणून.

खड्डेश्वर

तूच तो.

चौथा_गिअर

@बुटका_घोडा वाद आम्ही घालतो, तू मोज. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेला आणि पुढे स्प्रिंगच्या खालच्या ताटलीजवळ चिकणमातीचे जाड गोळे चिकटव. गाडी भरून सगळ्यात वाईट रस्त्यावरून हळू ने, पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून एका चाकाने उंचवटा चढ. परत आल्यावर गोळा जेवढा जाड उरला तेवढी जागा. शॉकअपच्या दांड्याला वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी घट्ट लाव, ती वर ढकलली जाते आणि कुठपर्यंत दाबला गेला ते दाखवते. आणि उंची जमिनीपासून मोजू नकोस, हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोज. टायर बदलला तरी ते माप बदलत नाही.

मधला_पाना

स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची चकती) लावून बघितला तर? ५ मिमीचा आहे माझ्याकडे. म्हणजे रिम घेण्याआधीच कळेल.

सुईकाटा

उभी गाडी बघायला ठीक. रस्त्यावर नाही, स्टड पुरेसे लांब असल्याशिवाय. नट स्टडच्या जाडीएवढा तरी आत गेला पाहिजे. एम१२ ला १.५ चा आटा असेल तर पूर्ण आठ फेरे. ५ मिमीचा स्पेसर त्यातले तीनहून जास्त खातो. मोजा मग बोला.

बुटका_घोडा

आठ दिवसांनी येतोय. मधल्या काळात अलाइनमेंट करून घेतलं (@सुईकाटा, टो खरंच बाहेर होता) आणि चिकणमातीचा कार्यक्रम केला. चिकणमाती मिळेना म्हणून मुलीचा खेळण्याचा क्ले वापरला. पिवळा.

मागे तीन मोठी माणसं आणि डिकीत सामान. मडगार्डच्या कडेजवळचा गोळा १९ मिमीचा उरला, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा. म्हणजे १६ किंवा १७ लावलं तर १९ वजा ११, ८ मिमी. मित्राचा सेट लावला तर उणे ३. व्यास लहान म्हणून थोडी सूट धरली तरी तो गेला. पुढे आतल्या बाजूला १४ मिमी, तिथे चिंता नाही.

उजवीकडच्या गोळ्यात मात्र एक खोल बारीक चर होती. डोकं घालून टॉर्चने बघितलं. लायनर (कमानीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं डोकं कडेच्या आत चांगलंच पुढे आलेलं, कुणीतरी चुकीचा लांब स्क्रू मारलेला. टायर ११ मिमी बाहेर आला असता तर त्या स्क्रूने त्याला लेथवर धरल्यासारखी रेघ मारली असती, आणि मी मडगार्डला दोष देत बसलो असतो. चपटा स्क्रू लावला.

पण ज्याने निकाल लागला ते वेगळंच. पुढच्या शॉकअपवर पट्टी लावून ऑफिसला जाऊन आलो. नेहमीचा रस्ता, एकटाच. पट्टी थेट बम्पस्टॉपला चिकटलेली. म्हणजे @नटबोल्ट म्हणाला ती वरची उशी मी रोज संपवतोय आणि मला पत्ताही नव्हता. मला वाटायचं, खाली केलेल्या गाड्या अशाच कडक लागतात.

१६ घेतोय. १९५/५५, ६.५जे, ईटी ४०.

वळणदार

शाब्बास. वजन करून घे, दोन वेगळ्या १६ च्या रिमांमध्येही दोन-तीन किलोंचा फरक निघतो.

तिरपी_रेघ

निषेध नोंदवतो.

चौथा_गिअर

मधल्या भोकाचं माप बघितलं का? बाजारातल्या रिमांचं भोक मोठं ठेवतात, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. हब आणि भोक यांच्यामध्ये बरोबर मापाची रिंग घाल, नाहीतर चाक नुसत्या नटांवर मध्यावर येतं आणि बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं. आणि नट नव्या रिमच्या खोबणीचे. काहींची खोबण शंकूची, काहींची गोल. जुने नट बसल्यासारखे वाटतात, बसलेले नसतात.

मागची_सीट

आणि स्टेपनी? ती १५ चीच राहणार ना? चार चाकं १६ आणि एक १५ चालेल?

नटबोल्ट

@मागची_सीट उत्तम प्रश्न, एवढ्या प्रतिसादांत कुणाला सुचला नाही. वर व्यास बघा: ६२१.५ आणि ६२०.९. अर्ध्या मिमीचा फरक. स्टेपनी बिनधास्त चालेल, फक्त तिचे जुने नट डिकीत ठेवायला विसरू नका. मित्राचा सेट घेतला असता तर स्टेपनी १८ मिमीने मोठी, पुढे लावून लांब गेलात तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत काम करत राहिला असता आणि एबीएसलाही शंका आली असती.

उंचच_बरी

सगळं वाचलं. मोजमाप पटलं. गाडी खाली करणं अजून पटलेलं नाही. आमच्या उंच गाडीच्या शॉकअपलाही ती पट्टी लावून बघितली, उत्सुकता म्हणून. निम्म्याच्या अलीकडे थांबली.

बुटका_घोडा

काका, तुम्ही गाडीखाली शिरलात? यातच सगळं आलं.

बसवली बरं का चाकं. भरल्या गाडीत कुठेही घासत नाहीत. दिसायला १७ एवढं नाही, पण कमान भरलेली वाटते. तोच ऑफिसचा रस्ता, पट्टी अजूनही बम्पस्टॉपला जाते, पण पूर्वी जिथे धडधड यायची तिथे आता धप् एवढंच. हवा ३३ ठेवली आहे, दाराच्या चौकटीतल्या पट्टीवर १६ साठी तेवढीच लिहिलेली निघाली. आखूड बम्पस्टॉप आणि त्या स्प्रिंगांना जुळणारे शॉकअप हा पुढचा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

मागची_सीट

मुलीचा क्ले परत दिलात का?

बुटका_घोडा

नवा आणून दिला. जुन्यात ग्रीस होतं.

सुईकाटा

शंभर किमीनंतर नट परत आवळलेत का?

बुटका_घोडा

काल आवळले. सगळे जागच्या जागी. मागच्या डाव्या चाकाचा एक पाव फेरा गेला.

सुईकाटा

म्हणूनच विचारलं.